सेडनाची बढती

खाडीतून खनिजाची जहाजं न्यायची म्हणून कंपनीचा साहेब उत्तर ध्रुवाजवळच्या बॅफिन बेटावरच्या शिकारी गावात आला. आवाजानं समुद्रातले सीलच पळाले तर गावानं खायचं काय, या काळजीनं कौनाक आजी भर सभेत उठली.

"साहेब, ही खाडी आमच्या समुद्रदेवीचं, सेडनादेवीचं घर आहे. गोंगाट केलात तर ती सगळे सील लपवून ठेवील."

साहेबानं हसत पडद्यावर एक तांबूस ठिपका दाखवला. "आजी, सेडना आता समुद्रात कुठं? सूर्यापासून कितीतरी लांबच्या बटुग्रहाला तिचं नाव दिलंय. केवढा मान!"

आजी ठिपक्याकडे बघत म्हणाली,



"सख्ख्या बापानं तिला होडीतून ढकललं, काठाला धरलेली बोटं छाटली, तरी बिचारी याच पाण्यात राहिली. तिला घराबाहेर काढायला तुमचा मानच लागला!"