मॅगेलनचं मढं

सांतो मेला तेव्हा पाणी गुडघाभर होतं. दरवर्षी तो एवढ्याच पाण्यात मरतो. अंगात पत्र्याचं चिलखत, तोंडाला काथ्याची दाढी आणि छातीवर टेकलेला त्याच्या दाजीचा, तेबानचा भाला.

फिलिपिन्समधल्या आमच्या माक्तान बेटावर आम्ही मॅगेलनला असाच मारतो. पोर्तुगालचा हा दर्यावर्दी आम्हाला वाकवायला उतरला आणि आमच्या लापु-लापू सरदाराने त्याला किनाऱ्यावरच आडवा केला. त्याच्या माणसांनी मढं परत मागितलं. सरदाराने दिलं नाही. म्हणून आमचं नाटक लढाईने संपत नाही, त्या नकाराने संपतं.

यंदा मनिलाहून दिग्दर्शक आला होता. पोर्तुगालचे पाहुणे येणार, तेव्हा मढं मानाने त्यांच्या हवाली करायचं, असं त्याने ठरवून टाकलं. हरलेल्याचा मान राखायचा झाला की जिंकलेल्यालाच शिष्टाचार शिकवतात! तालमीत तेबान हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सरदाराचं काम आधी त्याच्या बापाचं, मग त्याचं. ते हातचं जाईल ही धास्ती होतीच.

"तेबान, दे आता!" दिग्दर्शकाचा भोंगा ओरडला. पाहुण्यांची होडी निशाण उलगडून जवळ आली.

तेबानने भाला वाळूत रोवला. "देणार नाही."

पाहुण्यांना ते नाटकातलंच वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शक बुटांसकट पाण्यात शिरला. "अरे, तुझ्या गळ्यातला क्रूस कोणामुळे आला? थोडी तरी जाण ठेव."

"याच्यामुळेच आला," तेबान म्हणाला. "याचा देव आम्ही ठेवून घेतला, साहेब. मग हा तरी परत कशाला देऊ?"

"पुढच्या वर्षी सरदार दुसरा असेल, सांगून ठेवतो!"

तेबानचा चेहरा उतरला. पण भाल्यावरचा हात सुटला नाही. "आणा की. या किनाऱ्यावरचा हवा तो निवडा. तो देतो का बघा."

"शोभतोस रे बापाचा!" गर्दीतून बेबांग आजी ओरडली आणि मग सगळा किनारा ओरडू लागला.

दिग्दर्शक सांतोकडे वळला. "तू तरी शहाणा हो. ऊठ आणि मुकाट्याने होडीत जाऊन बस."

सांतोने डोळे मिटलेलेच ठेवले. "मेलेल्याला काय विचारता, साहेब? ज्याने मारलं त्याला विचारा." मग हळूच म्हणाला, "दाजी, उचला आता. नाकात पाणी जातंय."

तेबानने वाकून मढं खांद्यावर टाकलं आणि होडीकडे पाठ फिरवली. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो आत गेला तशी ती वाट पुन्हा बंद झाली.