पाण्यात काही टाकायचं न्हाई

“पाण्यात काही टाकायचं न्हाई. कुरकुरे न्हाई, बिस्किट न्हाई, फूल बी न्हाई,” कयाक पाण्यात लोटता लोटता बालाजीनं पुन्हा एकदा बजावलं, आणि सौदामिनीकाकूंनी लाईफ जॅकेटच्या आत दडवलेला स्टीलचा डबा पोटाशी आणखी घट्ट धरला.

डब्यात कणकेच्या गोळ्या होत्या. प्रत्येक गोळीच्या पोटात रामनामाची चिठ्ठी. धोंड्याच्या महिन्यात रोज अशा गोळ्या माशांना घालायच्या आणि मगच तोंडात घास घ्यायचा, असा काकूंचा नेम. मुखेडला घराजवळच्या बारवेत तो सुखानं चालला होता. काकू पायरीवर बसून पाण्यात हात हलवायच्या, बांगड्या किणकिणल्या की मासे तोंडं उघडून वर यायचे. पण परवा बारवेनं तळ गाठला. मासे कुणाच्या कढईत गेले, हे विचारायची काकूंना हिंमत झाली नाही. काल एका ओळखीच्यांच्या शेततळ्यावर कसंबसं भागवलं. आज महिन्याचा शेवटचा दिवस. आज चुकलं की सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात धोंड्याच्या जेवणाला पुण्याहून आलेल्या जावयानं, वरदनं, धरणाच्या फुगवट्यावर कयाकमधून पाणमांजरं बघायला जायचा बेत काढला. आंघोळीच्या हौदालाही बिचकणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या, मीपण येते. त्यांची लेक मनस्विनी आईकडं बघतच राहिली.

बेत साधा होता. मधोमध जायचं, कुणाचं लक्ष नाही असं बघायचं आणि डबा मोकळा करायचा. पण वरद आणि मनस्विनी बसले पुढच्या कयाकमध्ये. काकू दुसरीत, आणि त्यांच्या बरोब्बर पाठीमागं वल्हं मारत खुद्द बालाजी.

पहिल्यांदा काकूंनी पदर सावरायच्या निमित्तानं झाकण सैल केलं. “मावशी, हात आत,” मागून आवाज आला. दुसऱ्यांदा त्यांनी पलीकडच्या बाभळीवरचा खंड्या बालाजीला दाखवला. तो खंड्याकडं कौतुकानं बघत बघतच म्हणाला, हात आत. मग त्यानं लातूरच्या एका साहेबांची गोष्ट सांगितली. साहेबांनी बगळ्याला एक वेफर टाकला, तर यानं कयाक अर्ध्यातून माघारी वळवली. साहेब अजून फोनवर शिव्या देतात म्हणे. जनावराला एकदा आयतं मिळालं की ते शिकार विसरतं, माणसासारखंच, असंही त्यानं वर ऐकवलं.

ऊन चढू लागलं. काकूंच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, चोरून पुरा केलेला नेम देवाला तरी कसा पोचायचा? त्यांनी मान न वळवता, हलक्या आवाजात सगळं खरं सांगून टाकलं.



“मावशी, तुमचं हाय तसं हे माझं बी व्रतच हाय,” बालाजी म्हणाला.

दुसऱ्याचं व्रत मोडून आपलं पुरं करायचं, हे काकूंच्या कुठल्याच पोथीत बसत नव्हतं. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा पायांपाशी ठेवला.

एका काळ्या खडकाला वळसा घातला, तोच बालाजीनं वल्हं उभं धरलं. खडकाच्या पायथ्याशी पाणमांजरांचं अख्खं कुटुंब जेवायला बसलं होतं. एकानं दोन्ही हातांत मासा धरला होता, मक्याचं कणीस धरावं तसा. दोन पिल्लं एका शेपटीवरून भांडत होती. वरदच्या कॅमेऱ्याला उसंत नव्हती. तो मागं वळून कुजबुजला, की असं रान आता उरलंच नाही. इथं माणसाचा हातच लागलेला नाही, म्हणून हे टिकलंय. बालाजीनं गंभीरपणे मान डोलावली. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, तेव्हा काकूंनीही डोलावली.

कयाक परत फिरायला लागली. निदान पाण्याला नमस्कार तरी करावा, म्हणून काकूंनी रिकामा हात वर करून बालाजीला दाखवला आणि पाण्यात बुडवला. बांगड्या किणकिणल्या.

पाणी उकळल्यासारखं झालं. एक तोंड वर आलं, मग चार, मग हाताभोवती नुसती तोंडंच तोंडं. कुणी बोटाला चाटून गेलं, कुणी बांगडीला धडकलं.

काकूंनी हात मागं घेतला नाही. बांगडीच्या आवाजाला रानातला मासा पळून जातो. ही पळणारी तोंडं नव्हती. ही पंगतीला बसलेली तोंडं होती, आणि वाढपी उशिरा आली म्हणून जराशी रुसलेलीही.

“बालाजी,” काकूंनी हळूच विचारलं, “तुझ्या घरी नेम कुणाचा असतो रे?”

वल्हं थांबलं. त्याच्या पात्यावरून थेंब टपटपत राहिले.

“आईचा,” बालाजीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “रोज पहाटं येती, गिऱ्हाईक यायच्या आधी. त्या खडकावर बसून परातभर घालती. मासं हितं येत्यात, माशांमागं पाणमांजरं येत्यात. म्या लई सांगून बघितलं, पर आईला कोण अडवावं?”

लांबून वरद माणसाचा हात न लागलेल्या रानाचे फोटो काढतच होता. बालाजीनं तिकडं एक नजर टाकली, कयाक अलगद आडवी केली आणि पुढं वाकून कुजबुजला,

“काढा डबा. पर जावईबापूंकडं पाठ करून घाला मावशी, त्यांचा नेम मोडाया नको.”