सहाणेवरचा नारळ

"मुंबईच्या गाड्या ह्या वेळी सोडूच नका," येसूबाई म्हणाली.

बाबाजींचा कप ओठांशीच थांबला. मतदानाला आठ दिवस राहिले होते. मुंबईहून चाकरमान्यांच्या दोन गाड्या यायच्या, नव्वद मतं पडायची आणि बाबाजींच्या पक्षाचा सरपंच व्हायचा, हे तीन निवडणुका ठरलेलं. गाड्यांचं सगळं येसूबाईच बघायची.

"वयनी, डोकं ठिकाणावर हाय ना? यंदा मी सोता उभा हाय."

"म्हणून तर सांगते. शिमग्याआधी कारखान्यासाठी सड्याची, आपल्या वरच्या माळाची, मोजणी होणार, लोकांच्या जमिनी जाणार. जो सरपंच असंल त्याला मोजणीवाल्यांसोबत सड्यावर जावं लागंल. तुम्ही गेलात तर पक्षाचं नाव घेणारं घर तरी उरंल काय? तुमच्यासमोर उभ्या दादूला जाऊ दे. पाच वर्षं शिव्या खाऊ दे. मग पुढची वीस वर्षं तुमचीच."

बाबाजींनी कप खाली ठेवला.

"वरकस जमीन पडीक टाकतो, तसं म्हणतेस?"

"तसंच. पडीक टाकलेल्या जमिनीत नाचणी कमरेएवढी होते. तुम्हाला मी काय शिकवणार?"

बाबाजी हसले. "पक्षाचं राहू दे. तुला दादूला मातीत घालायचाय, सरळ सांग ना."

येसूबाई हसली नाही. अठरा वर्षांपूर्वी, ऐन शिमग्यात, दादूने तिच्या नवऱ्याला, विठूला, दंडाला धरून पालखीच्या पुढच्या दांडीखालून ओढून काढलं होतं. भरल्या गावात. "तुझ्या घराचा मान कुठल्या कागदावर हाय, दाखव," म्हणाला. विठूला अक्षर ओळखता येत नव्हतं. तो मान खाली घालून घरी आला, पुन्हा कधी पालखीला गेला नाही, आणि दोन वर्षांत संपला. दादू तेव्हा बाबाजींच्याच ओटीवर पडीक असायचा. तिकिटावरून दोघांचं फाटलं ते पुढे.

नवरा गेल्यावर येसूबाई पन्नाशीत प्रौढ वर्गाला जाऊन बसली. मास्तरांनी विचारलं, "आजी, काय वाचायचंय?" ती म्हणाली, "देवळातली मानकऱ्यांची वही."

"ज्याने माझ्या धन्याला खाली उतरवला," ती आता बाबाजींना म्हणाली, "त्याला भरल्या गावात उतरलेला बघायचाय. मग मी मरायला मोकळी."

"बघशील. पण मी मुद्दाम हरलो हे कळलं, तर गाव तोंडावर थुंकंल. पक्ष हाकलून देईल तो वेगळाच."

"मग असं काहीतरी बोला, की कोणाला शंकाच येऊ नये. देवीसमोर बोला."

शेवटची सभा देवळासमोर झाली. पालखी जिथे बसते त्या चौथऱ्याला, सहाणेला, बाबाजींनी हात लावला. गुरवाच्या हातून नारळ घेतला, सहाणेवर ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "आई, मी हरलो तर पालखीचा पहिला खांदा सोडीन!"

टाळ्या थांबेनात. पालखी उचलताना पहिला खांदा बाबाजींचा, गावात त्याहून मोठा मान नव्हता. असा माणूस हरायला उभा असेल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

परतताना बाबाजी म्हणाले, "निवडणुकीतलं बोलणं, वयनी. शिमग्यापर्यंत कोण लक्षात ठेवतोय?"

"कोण ठेवणार?" येसूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मुंबईला फोन लावला. ह्या वेळी गाड्या मिळाल्या नाहीत, म्हणाली. बाबाजी एकतीस मतांनी पडले. दादूच्या माणसांनी त्यांच्या दारावरून गुलाल उधळत मिरवणूक नेली. बाबाजी पडलेल्या चेहऱ्याने अंगणात उभे राहिले, मग आत जाऊन पोटभर जेवले.

पुढचं सगळं येसूबाई म्हणाली होती तसंच झालं. मोजणीवाले आले. दादू त्यांच्यामागून सड्यावर चढला आणि खाली उतरला तो बायकांच्या शिव्या झेलत. त्याच्या सख्ख्या भावजयीने त्याला दारात पाणी दिलं नाही. त्याच्याकडे गेलेली घरं एकेक करून बाबाजींच्या ओटीवर परत यायला लागली. लांज्याच्या पक्ष कार्यालयात बाबाजींना पुढची खुर्ची मिळाली. पुढच्या वेळी त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट, अशी बोलणी सुरू झाली.

"वयनी, हरण्यात एवढी गोडी असते हे ठाऊक नव्हतं," बाबाजी म्हणायचे.

शिमग्याला मुंबईच्या दोन्ही गाड्या वेळेवर आल्या. येसूबाईचा मुलगा अजिंक्यही आला.

पालखी सजली. ढोल घुमला. फेटा बांधलेले बाबाजी पुढच्या दांडीकडे निघाले. गुरव आडवा आला.

"बाबाजी, तो नारळ अजून सहाणेवरच हाय."

"अरे, ते निवडणुकीतलं बोलणं!"

"निवडणूक तुमची. गाऱ्हाणं आईला घातलेलं."

ढोल थांबला. बाबाजींनी गावाकडे बघितलं. दोन म्हाताऱ्या मानकऱ्यांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि हळूच त्यांना बाजूला केलं. गर्दीत दादू खाली बघत उभा होता.

"मग पहिला खांदा कोणाच्या घराचा?" गुरवाने विचारलं.

येसूबाई पुढे आली. तिने मानकऱ्यांची वही मागून घेतली, चष्मा लावला आणि अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं. पहिलं नाव विठूच्या आज्याचं होतं, आडवी रेघ मारून खोडलेलं. रेघेखाली खोडणाऱ्याची सही होती. तिने तीही वाचली. "बाबाजी."

अजिंक्यने दांडीला खांदा लावला.

बाबाजींनी बोलायला तोंड उघडलं. येसूबाई त्यांच्या अगदी जवळ गेली, पदर सावरला आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"बोला ना बाबाजी. मुद्दाम हरलो म्हणून सांगा की गावाला."