दिवाळसणाची वाकळ

"ही नको," म्हणत चतुराबाईने अर्पिताने निवडलेली दोन जुनेरं परत गाठोड्यात कोंबली.

"माय, सकाळपासून ही चौथी खेप हाय. मंग कोणती?"

"जरा दमानं घे. वाकळ हाय ती. जलमभर अंगावर घ्यायची."

ओसरीवर जुन्या साड्यांचा ढीग पडला होता आणि अर्पिताचं डोकं उठलं होतं. लग्नानंतरची ही तिची पहिली दिवाळी. नवऱ्याला, जीवनला, रेल्वेत रजा मिळाली नाही म्हणून ती पूर्णेहून एकटीच झरीला आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरी पाहिजेस, असं त्याने बजावून पाठवलं होतं. पिशवीत कपडेही तेवढ्याच दिवसांचे.

पण आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने रीत सांगितली. पहिल्या दिवाळीला लेकीने माहेरी आपल्या हाताने वाकळ शिवायची, आणि ती पुरी झाल्याशिवाय सासरची वाट धरायची नाही. अर्धी टाकून गेली तर संसारही अर्धाच राहतो. अर्पिता घरातली थोरली. तिच्याआधी कोणाचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे हे सगळं तिला नवंच होतं.

रीत तर रीत, लवकर उरकू, म्हणून तिने मोबाईलवर एक सोपी वाकळ शोधून दाखवली. "हे बघ. दोनच साड्या, सरळ टाके. चार दिवसांत हुईल."

चतुराबाईने मोबाईल लांब धरून पाहिला. "हे पायपुसणं हाय का काय?"

शेवटी निळं लुगडं आणि हिरवी साडी असं ठरलं. अर्पिता भिंतीपासून वीतभर पुढं सरकून बसली आणि टाके घालू लागली.

"टेकून बस की."

"नगं. असंच बरं हाय."

तीन दिवस मान मोडून तिने अर्धी वाकळ भरत आणली. चौथ्या दिवशी चतुराबाईने ती उन्हात धरली आणि नाक मुरडलं. "टाके बघ, कोंबडी चालल्यावाणी. उसव." उसवून होतंय तोवर आईचा बेतच बदलला होता. एकेरी नकोच, दोघांना पुरंल अशी मोठी घेऊ, चौकटी-चौकटीची. "जावई उंच हायती. पाय उघडे पडतेल."

"पडू दे की!" अर्पिता ओरडली. तिला आईची कीव आली आणि रागही आला. ह्या बाईला अंगणापलीकडचं काही म्हणजे काही कळत नाही, असं तिला मनापासून वाटलं.

बापाची तर आणखी वेगळी तऱ्हा. दोरा झरीतल्या कोणत्याही दुकानात मिळतो. पण चतुराबाईला रंग पसंत पडेना, म्हणून किशनराव एका हप्त्यात तीनदा एसटीने परभणीला जाऊन आले. सकाळी जायचे ते दिवस मावळताना परत. हातात एक रीळ आणि काखेत कागदांची पिशवी.

"एका रिळाला आख्खा दिवस लागतो का बाबा?"

"रांग लय हुती," एवढंच बोलून ते हातपाय धुवायला गेले.

इकडे जीवनचा रोज फोन. पहिल्यांदा त्याने वाकळीची थट्टा केली. भाऊबीज झाल्यावर थट्टा संपली. आता तो "बरं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. ते "बरं" ऐकलं की अर्पिताच्या हातातली सुई निसटायची.

"माय, त्यांना उशीर चालत न्हाई."

"न्हाई चालत म्हंजे? काय करतेल?"

"काय न्हाई. रागावतेत."

"हूं," चतुराबाई म्हणाली. "ही सुई ओवून दे. मला दिसंना गेलंय."

अर्पिताने मग आईच्या चोरून काम सुरू केलं. आई दुपारी आडवी झाली की ही भराभर टाके घालायची. बाराव्या दिवशी एका बाजूचा काठ तेवढा राहिला. आज रात्री संपवायचं, उद्या पहिली गाडी धरायची, असं ठरवून ती चहाला उठली. परत येऊन पाहते तर चतुराबाई शांतपणे दुसऱ्या बाजूचा काठ उसवत बसलेली.

"मेळ बसंना गेला," ती म्हणाली.

अर्पिताने हातातली सुई फेकून दिली. तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात पालमहून सुलामावशी आली. चतुराबाईची थोरली बहीण. तिच्या लेकीचं, सुकेशनीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालेलं. अर्पिताला देव भेटल्यासारखं झालं.

"मावशी, तुमीच सांगा हिला. सुकेशनीची वाकळ किती दिवसांत झाली हुती?"

"कंची वाकळ?"

"पहिल्या दिवाळीची. पुरी झाल्याबिगर लेक सासरी जात न्हाई ती."

सुलामावशी हसायलाच लागली. "अगं, कोणी सांगितलं तुला? आपल्यात असली रीत मी बापजन्मात ऐकली न्हाई. सुकेशनी तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेली की."

अर्पिताने मान वळवून आईकडे पाहिलं. बारा दिवसांचा राग तिच्या डोक्यात गेला.

"खोटं बोललीस? बारा दिस तू मला खोट्या रीतीवर बसवून ठिवलंस? आता तिकडं गेल्यावर माझे काय हाल हुतेल, ठावं तरी हाय का तुला?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मावशीचं हसू थांबलं.

चतुराबाईने हातातला दोरा दाताने तोडला. "ठावं हाय," ती म्हणाली. "तुझे बाबा रिळापायी न्हाई, वकिलापायी परभणीला जात हुते. आलीस त्या दिवशीच, तू लुगडं बदलताना, तुझ्या पाठीवरचे वळ बघितले म्या."