वाळवणाची दुपार

अख्ख्या चंद्रपूर शहरावरचं सरकतं छत वर्षानुवर्षं बंद होतं. खाली बारा महिने एकच गार हवा. यंदा बायकांनी हट्टच धरला, म्हणून वाळवणासाठी मे महिन्यातल्या एका दुपारी ते उघडलं आणि ऊन गच्च्यांवर धाडकन उतरलं.

कुंदाताईंनी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता, तरी सोऱ्यातून कुरडया पाडताना त्या घामानं निथळत होत्या. त्यांची सून शलाका, छताखालीच जन्मलेली, उघड्या डोक्यानं पापड्या मांडत होती.

"सावलीत ये ना पोरी."

"काही होत नाही, आई. पाहा, घामाचा थेंबसुद्धा नाही!"

कुंदाताईंना कौतुक वाटलं. नवी पोरं काटक निघाली! त्या पुढची कुरडई पाडायला लागल्या. तेवढ्यात शलाकानं विचारलं, "आई, पापड्या कुठं मांडू?" पापड्या तिच्यासमोरच मांडलेल्या होत्या.

कुंदाताईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि तवा लागावा तसा मागे घेतला. गार हवेत वाढलेल्या त्या अंगाला घाम येणं माहीतच नव्हतं. त्यांनी बादलीभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तिला जिन्यात ओढलं आणि त्या कठड्याशी धावल्या.

"पोरांना आत घ्या! सगळ्यांना आत घ्या!"

पलीकडच्या गच्चीवरून निर्मलाबाई आपल्या लेकींकडे बोट दाखवत अभिमानानं ओरडल्या, "काहून वो? आमच्या पोरी पाहा ना, घामाचा एक थेंब नाही!"