अजून कामावर

कुवाबारांनी टोफूची वडी बशीत काढली, तिच्यात एकेक करून सुया टोचल्या आणि मान वर केली.

“काय गं मिझोगुची, एक सुई कमी आहे. खाल्लीस की काय?”

“पेटीत आहे अजून,” हिनाको मिझोगुची म्हणाली. “पाच मिनिटं द्या, तीही देते.”

तिचा हात व्होल्टेजच्या बटणावर होता.

केबल कारखान्याच्या या प्रयोगशाळेत आठ फेब्रुवारी कधी चुकली नव्हती. जपानात शिवणकाम करणाऱ्या बायका या दिवशी वर्षभरातल्या मोडक्या सुया टोफूत टोचतात. कडक कापडाशी झगडून दमलात, आता मऊ जागी पडा, असं सुयांना म्हणत. कुवाबारांची आई किमोनो शिवायची. त्यांनी ही रीत इथे आणली तेव्हा सगळे फिदीफिदी हसले होते. आता टोफू कुणी आणायचा यावरून भांडतात. इथल्या सुया मात्र केबलवर चढवायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात रुतवतात, ते विजेपुढे किती टिकतं हे बघायला. सुईतून वीज सोडली की तिच्या टोकाशी जळक्या भेगांचं एक बारीकसं झाड फुटतं आणि फांद्या फोडत तळाकडे निघतं. तळाला टेकलं की ठोकळा संपला.

त्या झाडाची वाट अडवण्यात कुवाबारांनी निम्मं आयुष्य घालवलं. धुरासारखी बारीक वाळूची पूड प्लास्टिकमध्ये कालवायची, एवढंच ते काम. सुरुवातीला त्यांनी पूड सढळ हाताने घातली, पुडीच्या गाठी झाल्या आणि वीज नेमकी त्या गाठींतून घुसली. यापेक्षा बिनपुडीचे ठोकळे बरे, अशी वरच्या साहेबांनी टर उडवली. कुवाबारा पूड कमी करत गेले, ती आणखी सुकवत गेले, नेटाने घोटत राहिले. या खेपेचे ठोकळे हिनाकोने त्यांच्या हाताखाली केले होते. बिनपुडीचे केव्हाच गेले. पुडीचेही गेले, पण फार उशिरा. एकच राहिला होता, आणि आज कुवाबारांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता.

“साहेबांना पाचच्या आत सगळे आकडे हवेत,” हिनाको म्हणाली. “व्होल्टेज वाढव आणि संपव, म्हणाले. आणि हा किती टिकला हे कळल्याशिवाय तुम्हाला तरी घरी कसं पाठवू?”

वाढवून मिळालेला आकडा खरा नसेल, हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

कुवाबारांनी पेटीवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ जाऊन पाहिलं. काचेच्या पेटीत, तेलात बुडालेल्या त्या ठोकळ्यात, सुईच्या टोकाशी एक खुरटं झुडूप होतं. फांदी जिकडे वळावी तिकडे पुडीचा कण आडवा.

“थांबलंय की गं,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

“मग? वाढवू?”

“तुझा प्रयोग, तुझा हात. पाचनंतर मी इथला कुणी नाही.”

हिनाकोला या म्हाताऱ्याचा फार लळा होता. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण पुसलेला चष्मा ते पुन्हा पुसत होते, ते बघून तिने बटणावरचा हात काढला आणि फोन उचलला.

“साहेब, एक आकडा मिळणार नाही. नाही, बिघाड नाही. तो ठोकळा अजून कामावर आहे.”

पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. हिनाको फोनसमोरच वाकून वाकून माफी मागत राहिली, पण मागे हटली नाही. “हो साहेब. मोडला नाही, असंच लिहीन. सही माझी.”

पाच वाजले. कुवाबारांनी कोट चढवला. टोफूत एका सुईची जागा मोकळी ठेवून त्यांनी बशी हिनाकोच्या हातात दिली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. काम करत बसलेल्या सोबत्याला घरी जाणारा रोज जे म्हणतो, तेच ते पेटीपुढे कमरेत वाकून म्हणाले:

“माफ करा हं, तुमच्या आधी निघतो.”