सिस्टरची माघार

"तुम्ही अर्ज मागे घ्या, सिस्टर," म्हातारी म्हणाली. "माझ्या धाकट्याला एकट्याला उभं राहू द्या."

दवाखान्याच्या खोलीत धाकटा मान खाली घालून उभा होता. आईला इथे आणायची त्याची इच्छा नव्हती. पण दुसऱ्याच्या इच्छेने चालणारी बाई असती, तर नवऱ्यामागे रंगाचा कारखाना तिने एकटीने ओढलाच नसता.

त्या कारखान्याचं पाणी नदीत जायचं. कधी जांभळं, कधी हिरवं. त्यावरूनच भांडून धाकटा घराबाहेर पडला होता आणि नदीच्या खालच्या अंगाला, वस्तीत राहत होता. वस्तीतल्या लेकरांचे हात खाजून खाजून सोलवटले होते. त्याची लेकही त्यातलीच.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत सिस्टर आणि धाकटा एकच सांगत होते: साफ केल्याशिवाय पाण्याचा थेंब नदीत सोडायचा नाही. समोर ठेकेदार होता, कारखानदारांचा माणूस.

"तुमची मतं फुटणार आणि तो मेला ठेकेदार आयता निवडून येणार. एवढं तर माझ्यासारख्या अडाणीलाही कळतं."

"पण आजी, कारखाना तुमचाच ना? तो बंद पडेल."

"पडू दे. नातीचे हात बघितलेत तुम्ही?"

सिस्टरने बघितले होते. मलम तीच लावायची. तिने मलमाची डबी बंद केली. मग उठली आणि अर्ज मागे घेऊन आली.

म्हातारीने रान उठवलं. ठेकेदाराचा सगळ्यांदेखत उद्धार केला. कारखाना सांभाळणारा थोरला भडकला.

"आई, डोकं फिरलंय का तुझं? आपल्याच पोटावर पाय?"

"तू तोंड मीट आणि भट्टी बघ."

वस्तीतल्या बायका आधी तिला बघून दार लावायच्या. नंतर तिच्याबरोबर चालू लागल्या. "याचा बाप परिषदेत होता, तेव्हा हा रांगत होता," ती सांगायची. "आता याला बसवा."

धाकटा निवडून आला. कित्येक वर्षांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "चुकलो गं. मी तुला ओळखलंच नव्हतं."

"असू दे," ती म्हणाली.

नदीच्या पाण्याच्या ठरावाच्या दिवशी धाकट्याने सभागृहात पुन्हा पुन्हा माणसं मोजली. त्याचं मत धरून त्यांची बाजू एकाने जास्त होती. बरोबरी झाली तर ठराव पडणार होता. मागे सिस्टर वस्तीतल्या बायकांना घेऊन बसली होती. म्हातारी मात्र आत कोंदट होतं म्हणून व्हरांड्यातच बसून राहिली.

सभापतींनी ठराव वाचला. मग चष्मा काढून धाकट्याकडे पाहिलं.

"रंगाचा कारखाना तुमच्या आईच्या नावावर आहे ना?"

"हो."

"मग या ठरावावर तुम्हाला मत नाही. घरच्या धंद्याचा विषय निघाला की सभासदाने बाहेर जायचं. जुना नियम आहे."

धाकट्याने मागे पाहिलं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो कसाबसा व्हरांड्यात आला. म्हातारीने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली.

"ये, बस," ती म्हणाली. "तुझे बाबाही दर वेळी इथेच येऊन बसायचे."